कीबोर्डवर पळीभर पंचामृत

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर झेंडू येतो. म्हणजे लॅपटॉपमधून येतो! पंख्याच्या जाळीत पाकळ्या, कीबोर्डच्या फटींत हळदकुंकू, झाकणावर गंधाचा टिळा आणि मालकाच्या चेहऱ्यावर 'आम्ही काहीच केलं नाही'. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मी बावीस वर्षं लॅपटॉप दुरुस्त करते आहे, आणि वर्षातला सगळ्यात आवडता दिवस कुठला असं विचाराल तर तो हाच. आदल्या दिवशी कल्याणजवळच्या मोहने गावात आमच्या घरी धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गडबड असते. पांढरी साडी, विहारात वंदना, खीर, पाहुणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताजीतवानी होऊन बेंचवर बसते आणि पहिल्या टोकनची वाट बघते. सणानंतर लोकांना कामावर जायचा कंटाळा येतो, मला मात्र उत्साह येतो. काय करणार, एकेकाचा स्वभाव!

बाहेरच्या माणसाला आमचं काम म्हणजे स्क्रू काढणं आणि लावणं वाटतं. खरं काम बोलण्याचं आहे. लॅपटॉपवर काही सांडलं की माणूस आमच्याकडे येतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "वॉरंटीत होईल ना?" तर ते एकदाचं सांगून टाकते. वॉरंटी म्हणजे कंपनीने स्वतःच्या चुकीबद्दल दिलेला शब्द. चहा तुम्ही सांडलात, कंपनीने नाही. त्यामुळे साध्या वॉरंटीत सांडलवंड बसत नाही. पण लॅपटॉप विकताना दुकानदार आणखी एक कागद तुमच्या गळ्यात मारतो, अपघात संरक्षणाचा. घेतलेला असतो, पण निम्म्या लोकांना आठवतही नाही. त्यात सांडलेलं बसतं. अट एकच: काय सांडलं, कधी, कसं, ते खरं सांगायचं. कारण आम्ही मशीन उघडणारच असतो. आत जागोजागी बारीक पांढरे ठिपके चिकटवलेले असतात, त्यांना ओल लागली की ते लाल होतात. त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही.

आणि तरीही लोक खोटं बोलतात! अहो, काय काय ऐकलंय मी. इथलेच एक नावाजलेले डॉक्टर, आयुष्यभर पेशंटना 'माझ्यापासून काही लपवू नका' असं दटावणारे, मला म्हणाले, "आपोआप बंद पडला हो." उघडला तर आत गुलाबी सोलकढी, कोथिंबिरीसकट. डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी ओला लॅपटॉप पोळ्यांच्या तव्यावर ठेवला होता. "मंद आचेवर ठेवलेला," ते मला समजावत होते. कल्याणच्या एका काकूंनी तर तो तीन दिवस कोलम तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. चार्जरच्या भोकातून मी चिमट्याने तांदूळ काढत होते आणि न राहवून विचारलं, "काकू, डब्यातल्या तांदळाचं काय केलंत?" त्या म्हणाल्या, "अगं, भात केला. टाकून का देणार?"

तांदळाने काही होत नाही, हेही सांगते. सांडलं की बंद करा, वायर काढा, उघडून पालथा ठेवा आणि घेऊन या. चालू होतोय का ते दहा वेळा बटण दाबून बघू नका. पाण्यापेक्षा त्या बटणाने जास्त लॅपटॉप मेलेत.

लोक का खोटं बोलतात हे मला बरीच वर्षं कळलं नाही. मला वाटायचं, फसवायला. नाही. घाबरून बोलतात. ते मला एका अंगणवाडी सेविकेने शिकवलं, आणि त्याची किंमत तिने मोजली. ती आमच्या मोहन्याचीच, दोन गल्ल्या सोडून राहणारी. मुलीला बारावीनंतर लॅपटॉप घेऊन दिला होता, घरातला पहिलाच. अपघात संरक्षणाचा कागदही होता. मी विचारलं, "ताई, काही सांडलं का?" ती म्हणाली, "नाय ओ ताई, थेंब पण नाय लागला." लॅपटॉपला मसूरच्या आमटीचा वास येत होता. मला कळलं होतं. पण काउंटरवर गर्दी होती, आणि 'ग्राहक जे सांगेल ते लिहायचं' असा नियम आहे, म्हणून मी तसंच लिहिलं. कंपनीने आतले फोटो बघितले, जबाब बघितला, दोन्ही जुळेनात, क्लेम नामंजूर! खरं बोलली असती तर सगळं फुकट झालं असतं. ती मला एका शब्दाने बोलली नाही. नंतर विहारात भेटली तेव्हा "जय भीम ताई" म्हणाली आणि पुढे गेली. तो नमस्कार मला आजही टोचतो. नियम पाळला, आणि माणसाला बुडवलं.

तेव्हापासून माझी एक पद्धत आहे. सांडलेलं मशीन आलं की मी पेन खाली ठेवते. माणसाला बसवते आणि सांगते, "आत्ता मी काही लिहीत नाहीये. आधी मला सांगा, मग आपण लिहू." साहेब माझ्यावर वैतागतात, एका टोकनला पंधरा मिनिटं लावते म्हणून. वैतागू देत.

आता अनघाची गोष्ट. ही तीनेक वर्षांपूर्वीची, अर्थात दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाचीच.

सकाळी अकराच्या सुमाराला एक तिशीची मुलगी आली. लॅपटॉप दुपट्ट्यात गुंडाळून तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला होता. नाव अनघा, राहणार डोंबिवली पूर्व. मी विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "चहा सांडला. माझ्याच हातून. काल सकाळी."

मी पेन खाली ठेवलं आणि लॅपटॉप नाकाशी नेला. बावीस वर्षांत माझं नाक तयार झालंय. चहाचा वास वेगळा. याला वास येत होता मधाचा, आंबूस दह्याचा आणि तुपाचा. आणि 'एन'च्या बटणाखाली कुंकू.

"अनघा," मी म्हटलं, "तुमच्याकडे चहात मध, दही आणि तूप घालतात का?"

तिचा चेहरा पडला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिचे सासरे, अप्पा. अंबरनाथच्या एका कारखान्यात चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन, शेवटी फोरमन होऊन निवृत्त झालेले. दर दसऱ्याला ते पाटावर आपली पक्कड, टेस्टर आणि मीटर मांडतात, पंचामृताची एकेक पळी वाहतात, फडक्याने पुसतात, झेंडू ठेवतात. अनघा ठाण्यातली चांगल्या पगाराची नोकरी सोडून तीन वर्षं घरी बसून काम करत होती, आणि ते अप्पांना पसंत नव्हतं. ते कधी टाकून बोलले नाहीत, पण विचारलंही नाही कधी काही. आणि त्या दसऱ्याला काय झालं? अनघा आंघोळ करून बाहेर आली तर पाटावर पकडीच्या शेजारी तिचा लॅपटॉप! अप्पांनी स्वतःहून मांडलेला, उघडून, अगदी नीट. तिला इतका आनंद झाला की ती दारातच उभी राहिली. आणि तिच्या डोळ्यांदेखत, चाळीस वर्षांच्या सवयीने, अप्पांच्या हातातली पळी पकडीवरून टेस्टरवर, टेस्टरवरून मीटरवर आणि मीटरवरून लॅपटॉपवर गेली.

मला हसू आवरेना. तीसुद्धा रडता रडता हसली. "मी ओरडलेच नाही हो," ती म्हणाली. "ते इतके मनापासून करत होते. मी म्हटलं, होऊ दे. नंतर पटकन पुसला. संध्याकाळी चालूच होईना. अप्पांना सांगितलंय की बॅटरी गेलीय. त्यांना कळायला नको. चहाच लिहा ना, प्लीज."

"चार्जिंगला लावलास का?"

"एकदाच."

मी कपाळावर हात मारला.

मशीनवर अपघात संरक्षण होतं, अजून पाच महिने शिल्लक. म्हणजे चिंता नव्हती. पण स्क्रीनवर नोंदणी बघितली आणि लक्षात आलं की नाव अप्पांचं, मोबाइल नंबरही अप्पांचा. लॅपटॉप घेताना अनघाचा नवरा गावाला गेला होता, अप्पा सोबत गेले होते, दुकानदाराने त्यांचंच नाव घातलं. आता क्लेम नोंदवला की कंपनीचा पडताळणीचा फोन ज्याच्या नावाने नोंदणी त्यालाच जाणार. विचारणार, काय झालं? अप्पा सांगणार, बॅटरी गेली. अनघाच्या अर्जात चहा. आणि आत दही! तीन जबाब, तीन तऱ्हा. असा क्लेम कोणीही नामंजूर करेल.

मी तिला अंगणवाडीच्या ताईंची गोष्ट सांगितली. ती उठली. मग फोन घेऊन बाहेर गेली. काचेतून मला तिची पाठ दिसत होती. दोन मिनिटांत आत आली, डोळे पुसत. "ते म्हणाले, 'तू थांब तिथेच, मी येतो.' आणि फोन ठेवला."

मी अर्जात खरं तेच लिहिलं: पूजेच्या वेळी पंचामृत पडले. संगणकावर सांडलेल्या पदार्थांची यादी असते, पाणी, चहा, कॉफी, थंड पेय. पंचामृत नाही! मी 'इतर' निवडलं आणि पाठवून दिलं. साधारणपणे मंजुरीला दोन दिवस लागतात. मी तिला तसंच सांगितलं, आणि तेव्हा ती म्हणाली, "दोन दिवसांत माझ्या फाइल काढता येतील ना?"

मी विचारलं, "कसल्या फाइल?"

आणि तेव्हा मला कळलं, खरं प्रकरण काय आहे ते. अनघा अक्षरं काढत होती. मराठी अक्षरं. आपण मोबाइलवर, पुस्तकात, पाट्यांवर जी छापील अक्षरं बघतो ती कोणीतरी एकेक करून आखलेली असतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. क, ख, ग, मग काना, मात्रा, मग जोडाक्षरं, ती शेकड्यांनी. तिने तीन वर्षं घालवली होती. पहिल्या दोन वर्षांची प्रत पेन ड्राइव्हवर होती, पण शेवटच्या वर्षात तिने जवळजवळ सगळं मोडून नव्याने काढलं होतं, आणि ते फक्त या मशीनमध्ये. 'जागा भरली आहे' असा मेसेज रोज येत होता आणि ती रोज 'नंतर' दाबत होती. काम पसंत पडलं तर विकत घ्यायला तयार असलेल्या अहमदाबादच्या एका कंपनीला सोमवारी सगळं पाठवायचं होतं. आज शुक्रवार.

इथे आमच्या धंद्यातली एक वाईट गोष्ट सांगायला हवी. पूर्वी लॅपटॉपमधली हार्ड डिस्क वेगळी असायची, काढली की झालं. आताच्या या बारीक मशीनमध्ये सगळी साठवण मदरबोर्डवरच, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरच, कायमची डकवलेली असते. क्लेम मंजूर झाला की कंपनी नवा बोर्ड देते आणि जुना परत घेते. जुन्या बोर्डाबरोबर आतलं सगळं जातं. कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं, माहितीची जबाबदारी ग्राहकाची. बाहेरच्या एखाद्या कारागिराकडून बोर्ड उघडून घेतला तर कदाचित फाइल मिळतील, पण मग संरक्षण गेलं. मधली वाट एकच. मंजुरी येऊन बोर्ड पिशवीत सीलबंद होईपर्यंत तो तपासणीसाठी माझ्या ताब्यात असतो. तपासणीत सफाई करता येते, चालू करून बघता येतो. त्या वेळात चालू झाला, तर ग्राहक आपली माहिती आपल्या हाताने काढून घेऊ शकतो.

"दोन दिवस आहेत," मी म्हटलं. "भरपूर आहेत. काळजी करू नकोस."

आणि एक वाजायला दहा मिनिटं असताना माझ्या स्क्रीनवर हिरवी पट्टी आली. क्लेम मंजूर! इतक्या वर्षांत एवढ्या लवकर मंजुरी मी पाहिली नव्हती. खाली ओळ: आजच्याच पिकअपमध्ये जुना बोर्ड पाठवावा. पिकअप चार वाजता.

तेवढ्यात दार उघडलं आणि अप्पा आले. उंच, काटक, पांढरा शर्ट, घामाने भिजलेला. शेजाऱ्याच्या गाडीने निघाले होते, शीळफाट्यावर तासभर अडकले, आणि पडताळणीचा फोन त्यांना तिथेच आला होता. चेहरा मात्र विजयी वीराचा!

"झालं बघ अनघा, मंजूर झालं!" आत येता येताच ते म्हणाले. "तिकडची मुलगी हिंदीत विचारते, 'पंचामृत मतलब?' मी सांगितलं, दूध, दही, घी, शहद, शक्कर. ती म्हणे, 'सर, सब एक साथ?' म्हटलं हो. म्हणे, 'लेकिन सर, लॅपटॉप में डाला क्यों?' मी म्हटलं, 'बेटा, सम्मान से.' मग ती कोणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, 'सर, आज ही कर देते हैं.' अगं, नवीन बोर्ड देणार आहेत, फुकट! आणि मला बॅटरी गेली म्हणून काय सांगतेस? मी काय तुला खाणार होतो?"

अनघा त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "अप्पा, जुना बोर्ड घेऊन जातील ते. माझी अक्षरं त्यात आहेत."

"म्हणजे?"

"तीन वर्षांचं काम. दुसरीकडे कुठेच नाहीये."

अप्पा खुर्चीत बसले. मी आजवर खूप माणसं त्या खुर्चीत बसताना पाहिली आहेत, पण असं बसलेलं कोणी आठवत नाही. आधी पळीने मशीन घालवलं, आणि आता खरं बोलून वेळही घालवला. बिचाऱ्यांनी दोन्ही गोष्टी मनापासून केल्या होत्या.

घड्याळात एक वाजत होता. मला सांगायला लाज वाटत नाही, अशा वेळी माझ्या अंगात वारं भरतं. मी टोकन थांबवली, साहेबांना सांगितलं, "चारपर्यंत मी कोणाची नाही," आणि बोर्ड बाहेर काढला. पंचामृताइतका वाईट पदार्थ मी कधी साफ केला नव्हता. पाणी नुसतं सुकतं. चहात साखर असते, ती पाण्याने निघते. तेलकट असेल तर स्पिरिटने निघतं. इथे पाचही जण एकत्र! मध-साखर स्पिरिटला दाद देईना, तूप पाण्याला दाद देईना, आणि दही दोघांनाही जुमानेना. म्हणून आधी डिस्टिल्ड वॉटर, मग कोमट स्पिरिट, मग पुन्हा पाणी, पुन्हा स्पिरिट. दात घासायचा मऊ ब्रश घेऊन मी मदरबोर्ड नळाखालच्या ताटलीसारखा घासत होते, आणि काचेपलीकडे अप्पा उभे.

"ताई," शेवटी त्यांना राहवेना. "तुम्ही पाणी घालताय."

"काका, तुम्ही काय घातलंत ते आठवा."

 मग मीच त्यांना आणि अनघाला आत बोलावलं. बेंचवर ग्राहकाला घ्यायची पद्धत नाही, पण चाळीस वर्षं विजेशी खेळलेल्या माणसाला काचेबाहेर उभं करणं मला बरं वाटेना.

गरम हवेने सुकवून पावणेतीनला बोर्डाला वीज दिली. मीटरचा काटा सरळ वर! चालू व्हायच्या आधीच बोर्ड वीज खात होता. अप्पा म्हणाले, "शॉर्ट आहे." मी म्हटलं, "आहे. कुठे, तेच शोधायचंय." शेकडो बारीक भाग, त्यांतला कुठला? त्याला आमची एक युक्ती आहे. बोर्डभर स्पिरिट पसरायचं आणि अगदी थोडी वीज सोडायची. जिथे शॉर्ट असेल ती जागा तापते आणि तिथलं स्पिरिट आधी उडतं. पण ते उडताना दिसतं एखाद्या सेकंदापुरतं. डोळा चुकला की गेलं.

मी स्पिरिट पसरलं. आम्ही तिघं बोर्डावर वाकलो. "सोडते हं," म्हटलं आणि बटण फिरवलं.

"तिथे!" अप्पांचं बोट गेलं. "त्या काळ्या चौकोनाच्या कोपऱ्याला! सुकलं बघा!"

मला दिसलंच नव्हतं. पुन्हा केलं. खरंच तिथे! भिंगाखाली बघितलं तर चिपच्या खालच्या फटीत तूप-साखरेची करपलेली खरवड. चार्जिंगला लावल्यावर तिथेच जळलं असणार. बाहेरून काही दिसत नव्हतं. कोमट स्पिरिट सोडून, बारीक ब्रशच्या एकेका केसाने मी ते उकरलं.  

पुन्हा वीज. काटा शून्यावर.

चालू करायचं बटण दाबलं. काही नाही. तीन सेकंद, चार सेकंद. अनघाने डोळे मिटून घेतले होते. आणि पंखा फिरला! अप्पांनी टाळी वाजवली, अगदी लहान मुलासारखी. बाहेर बसलेल्या ग्राहकांनी माना वळवून बघितलं. स्क्रीनवर पासवर्डची चौकट आली. त्याचा स्वतःचा कीबोर्ड कामातून गेला होता, मी दुसरा जोडला. अनघाला आपला पासवर्ड दोन वेळा चुकला. तिसऱ्यांदा आत.

"सगळं नको, फक्त अक्षरं घे," मी म्हटलं. "हा बोर्ड किती वेळ तग धरेल, सांगता येत नाही." तिने फोल्डर उचलून बाहेरच्या ड्राइव्हवर टाकलं. हजारो बारीक फाइल. स्क्रीनवर लिहून आलं: बावीस मिनिटं. घड्याळात तीन बत्तीस.

पावणेचारलाच पिकअपवाला आला. तरुण पोरगा, पाठीवर भलीमोठी बॅग. "मॅडम, बोर्ड द्या ना. गाडी डबल पार्किंगला लावलीय, टोइंगवाला फिरतोय बाहेर."

"चार वाजता म्हणजे चार," मी म्हटलं.

"एवढं काय चाललंय? सगळे असे का बघताय?"

अप्पांनी त्याला शेजारी बसवलं.  पट्टी सरकत होती. सत्तर टक्क्यांवर ती थांबली. थांबलीच. मी बोर्डाला हात लावला, तापला होता. टेबलफॅन ओढून त्याच्यावर सोडला. अनघाने माझा दंड घट्ट धरला, नखं रुतली. अर्धं मिनिट. मग पट्टी पुन्हा हलली, आणि मी देवाला न मानणारी बाई, तरी मनात म्हटलं, चल बाबा, चल.

तीन छपन्नला संपलं. अनघाने ड्राइव्ह काढून आमच्या संगणकाला लावला, एक फाइल उघडून बघितली, दुसरी उघडली, आणि मान हलवली. आहे. सगळं आहे. मी बोर्डाची वीज काढली, पिशवीत घातला, सील मारलं, आणि पोराच्या हातात दिला. चारला दोन मिनिटं कमी. तो धावत गेला. आम्ही सगळे जोरात हसलो, बाहेरचे ग्राहकसुद्धा, कारण काय झालंय हे आता सगळ्यांना कळलं होतं.

अप्पा मात्र हसत नव्हते. आमच्या संगणकाच्या स्क्रीनवर ती शेवटची फाइल तशीच उघडी होती. त्यात एकच अक्षर, स्क्रीनभर मोठं, 'क्ष'. काळंभोर, डौलदार, त्याच्या वळणांवर आखणीचे बारीक बारीक ठिपके आणि रेघा. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे होते.

"हे तू काढलंस?"

"हो अप्पा."

"किती दिवस लागले?"

"ह्याला ना? अकरा. अजून मनासारखा झालेला नाही. ती खालची गाठ बघा, जरा जड वाटते."

अप्पांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि त्या गाठीकडे बघितलं. चाळीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसाची नजर. "हं," ते म्हणाले. "आहे खरी जरा जड."

मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. माझ्याकडे न बघता, तिच्याकडेही न बघता म्हणाले, "तीन वर्षं एका घरात राहतो आपण. हत्याराची पूजा करायला गेलो, पण त्या हत्याराने तू करतेस काय, हे एकदा विचारलं नाही मी." मग स्क्रीनकडे बोट केलं. "दाखव मला. 'अ'पासून."

अनघाने 'अ' उघडला. ती सांगायला लागली, रेघ कुठून सुरू होते, कुठे जाड करायची, कुठे सोडायची. काउंटरवर पुढचं टोकन, एक सुटाबुटातले गृहस्थ, माझ्याकडे बघून घड्याळ दाखवत होते, कारण तो संगणक त्यांच्या कामासाठी हवा होता. मी त्यांना म्हटलं, "बसा जरा. वेळ लागेल. अक्षरं पुष्कळ आहेत."